५९,९९४ नव्हे, २८,९९८

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत गणिताच्या सदरात एक प्रश्न होता: ०, २, २, ५ हे अंक वापरून तयार होणाऱ्या सर्व चार अंकी संख्यांची बेरीज किती? चार पर्याय दिले होते आणि पानाच्या तळाशी उत्तर होतं ५९,९९४. शेजारी रंगीत चौकटीत ‘झटपट सूत्र’ होतं. अंक जितके असतील त्यांतून एक वजा करा, येईल त्याचं क्रमगुणित, म्हणजे १ पासून त्या संख्येपर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार, घ्या, त्याला अंकांच्या बेरजेने गुणा, आणि मग जितके अंक तितके एक ओळीने मांडून त्या संख्येने गुणा. म्हणजे ३ चं क्रमगुणित ६, अंकांची बेरीज ९, नऊ सक चोपन्न, चोपन्न गुणिले ११११. गुणाकारात कुठेही खोट नाही. उत्तर मात्र साफ चुकलंय, आणि थोडंथोडकं नाही, दुपटीहून जास्त.

हे पडताळायला सूत्र कशाला हवं? या अंकांच्या चार अंकी संख्या होतात नऊच: २०२५, २०५२, २२०५, २२५०, २५०२, २५२०, ५०२२, ५२०२ आणि ५२२०. उभी बेरीज मांडली की २८,९९८ येतात. तेवढाही वेळ नसेल तर एवढंच बघा: यातली सर्वांत मोठी संख्या ५२२०. नऊच्या नऊ संख्या तेवढ्या असत्या तरी बेरीज ४६,९८० च्या पुढे गेली नसती. मग ५९,९९४ आले कुठून? लिहिणाऱ्याने, तपासणाऱ्याने, पान लावणाऱ्याने, कुणीतरी एकाने हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा होता. खरं उत्तर तर चार पर्यायांत नव्हतंच. म्हणजे ज्याने शहाण्यासारख्या नऊ संख्या लिहून काढल्या, तोच बुचकळ्यात पडला असणार.

माझा भाचा स्पर्धा परीक्षांची तयारी करतो. त्याने हे सूत्र वहीत उतरवून घेतलं होतं, भोवती लाल शाईची चौकट करून. मी विचारलं, “अरे, हे ११११ कशासाठी?” तो म्हणाला, “मावशी, ते तसंच असतं. कारण परीक्षेत विचारत नाहीत.” त्याचा दोष नाही. त्याला जे छापून मिळालं ते त्याने पाठ केलं. पण हे उत्तर ऐकून मी पत्र लिहायला बसले. मी काही गणिताची शिक्षिका नव्हे. नोकरीभर खातेवह्या लिहिल्या, रोजकीर्दीवरून, म्हणजे रोजच्या नोंदींच्या वहीवरून, खात्याखात्यांत खतावणी केली, महिनाअखेरीला तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांचा दोन्ही बाजूंचा मेळ, जुळवली. आकड्यांशी संबंध तेवढाच. मात्र तेरीज जुळवणाऱ्या माणसाला एक खोड लागते: आकडा कुठून आला ते कळल्याशिवाय त्यावर बरोबरची खूण करायची नाही.

तेव्हा ते ११११ कुठून येतात ते आधी बघू. १, २, ३, ४ हे अंक घ्या. त्यांच्या मांडण्या चोवीस. त्या चोवीस संख्या एकाखाली एक लिहिल्या आहेत असं समजा, आणि बाकी सगळं हाताने झाकून फक्त एकं स्थानाचा रकाना बघा. त्यात ४ किती वेळा दिसेल? एकं स्थानी ४ पक्का केला की उरलेले तीन अंक उरलेल्या तीन जागी सहा प्रकारे बसतात, म्हणून सहा वेळा. ३ सुद्धा सहा वेळा, २ सहा वेळा, १ सहा वेळा. एखाद्या अंकाने एकं स्थानी जास्त वेळा यावं असं काही कारणच नाही. रकान्याची बेरीज झाली ६ × १०, म्हणजे ६०. आता हात सरकवून दहंचा रकाना बघा. तोच हिशेब, तेच ६०. शतंचा तोच, सहस्राचा तोच. म्हणजे ६० एकं, ६० दहं, ६० शतं आणि ६० सहस्र: ६० + ६०० + ६,००० + ६०,००० = ६६,६६०. ते गूढ ११११ म्हणजे एकं, दहं, शतं, सहस्र यांची एकेकदा घेतलेली बेरीज, बस.

याच चोवीस संख्यांची बेरीज दुसऱ्या वाटेनेही होते, आणि ती मला जास्त आवडते. १२३४ ची जोडी ४३२१ शी लावा: ५५५५. २४१३ ची जोडी ३१४२ शी: पुन्हा ५५५५. प्रत्येक अंकाच्या जागी ‘पाचातून तो वजा करून’ येणारा अंक ठेवला की जोडीदार मिळतो, आणि तोही याच चार अंकांचा असतो, कारण १ चा ४ होतो, २ चा ३ होतो. बारा जोड्या, बारा गुणिले ५५५५, तेच ६६,६६०. ही युक्ती सगळीकडे चालत नाही. ३, ९, ८ असे ओबडधोबड अंक आले की असे जोडीदार सापडत नाहीत. पण एक गोष्ट ती उघडी करून दाखवते. इथे सगळा खेळ सरासरीचा आहे. चार अंकांची सरासरी अडीच, म्हणून चोवीस संख्यांची सरासरी २,७७७.५. अंकांची सरासरी घ्यायची, प्रत्येक स्थानावर तीच ठेवायची, आणि जितक्या मांडण्या तितक्यांनी गुणायचं.

१ ते ९ हे सगळे अंक एकेकदा घेऊन होणाऱ्या ३,६२,८८० नऊ अंकी संख्यांची बेरीज विचारली तर ऐकणाऱ्याला घाम फुटतो. पण अंकांची सरासरी ५ आहे, तेव्हा संख्यांची सरासरी ५५,५५,५५,५५५ हे डोळे मिटून सांगता येतं. राहिला तो एक लांबलचक गुणाकार: २०,१५,९९,९९,९७,९८,४००. तो कॅल्क्युलेटरवर करा, माझी हरकत नाही.

आता गंमत अशी, की हा नियम जुना आहे आणि जुन्या नियमाची मांडणी आपल्या चौकटीतल्या सूत्रापेक्षा सरस आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’त अंकपाश नावाचं प्रकरण आहे. त्यात अगदी हेच विचारलंय: दिलेल्या अंकांच्या किती संख्या होतात आणि त्या सर्वांची बेरीज किती? पहिलं उदाहरण २ आणि ८: संख्या दोन, २८ आणि ८२, बेरीज ११०. मग ३, ९, ८: संख्या सहा, बेरीज ४,४४०. मग एकदम २ पासून ९ पर्यंतचे आठ अंक: संख्या ४०,३२० आणि बेरीज २४,६३,९९,९९,७५,३६०. नियमही तिथेच आहे. एकूण मांडण्यांना अंकांच्या बेरजेने गुणा, अंक जितके आहेत तितक्यांनी भागा, आणि आलेलं उत्तर एकेक स्थान सरकवत मांडून बेरीज करा. ३, ९, ८ साठी करून बघू. मांडण्या ६, अंकांची बेरीज २०, गुणाकार १२०, तीनने भागले ४०. आता ४० मांडा, त्याखाली एक स्थान सरकवून ४०, आणखी एक स्थान सरकवून ४०. ४० + ४०० + ४,००० = ४,४४०.

वरवर बघता चौकटीतलं सूत्र आणि हा नियम एकच. चारच्या क्रमगुणिताला चारने भागलं काय किंवा सरळ तीनचं क्रमगुणित घेतलं काय, उत्तर सहाच. ज्याने पहिल्यांदा सूत्र ‘सोपं’ केलं त्याने ही काटछाट केली असणार. आणि तिथेच घोटाळा झाला. कारण अंकांत पुनरावृत्ती आली की मांडण्यांची संख्या क्रमगुणिताइतकी राहतच नाही, आणि काटछाट केलेल्या सूत्रात मांडण्यांची संख्या कुठे लिहिलेलीच नाही. ती बदलायची कुठे? जुन्या नियमात ती समोर ठेवलेली आहे. बदलली तर नवी घाला, बाकीचा नियम जसाच्या तसा. भास्कराचार्य स्वतः हेच सांगतात: समान अंक असतील तर त्या अंकांच्या आपसातल्या मांडण्यांनी एकूण मांडण्यांना भागा, आणि बेरीज पूर्वीसारखीच काढा. उदाहरण २, २, १, १ चं आहे. चारच्या क्रमगुणिताला २ ने आणि पुन्हा २ ने भागून मांडण्या ६. सहा सक छत्तीस, चारने भागले ९, नऊ चार स्थानांवर मांडले की ९,९९९. खरंखोटं करायला २२११, २१२१, २११२, १२२१, १२१२, ११२२ यांची बेरीज घ्या. दुसरं उदाहरण ४, ८, ५, ५, ५: मांडण्या २०, अंकांची बेरीज २७, गुणाकार ५४०, पाचने भागून १०८, आणि १०८ पाच स्थानांवर सरकवत मांडले की ११,९९,९८८.

याच प्रकरणात भास्कराचार्यांनी एक टोमणाही मारून ठेवलाय. इथे गुणक विचारला नाही, भाजक नाही, वर्ग नाही, घन नाही, तरी गर्विष्ठ गणकबटू या अंकपाशात पडणारच, असा त्याचा आशय. आपल्या सदराचं पान मी त्या श्लोकाशेजारी ठेवून पाहिलं. राग येण्याऐवजी हसू आलं, एवढंच सांगते.

आता शून्य. वर दिलेल्या उदाहरणांत शून्य नाही, आणि शून्य आलं की एक जास्तीची पायरी लागते, कारण पहिल्या जागी शून्य बसलं की ती संख्या चार अंकी उरत नाही. उपाय हिशेबाच्या वहीतलाच आहे: आधी सगळ्या मांडण्या जमेला धरायच्या, मग नको असलेल्या वजा टाकायच्या. आपल्या प्रश्नात ०, २, २, ५. एकूण मांडण्या १२, अंकांची बेरीज ९, गुणाकार १०८, चारने भागले २७, चार स्थानांवर मांडले २९,९९७. यात ०२२५, ०२५२ आणि ०५२२ या तीन घुसखोर आहेत. त्यांची बेरीजही त्याच नियमाने: मांडण्या ३, अंकांची बेरीज ९, सत्तावीसला तीनने भागून ९, तीन स्थानांवर ९९९. २९,९९७ वजा ९९९ म्हणजे २८,९९८. छापलेलं ५९,९९४ हे २९,९९७ च्या बरोबर दुप्पट आहे, हेही बघून ठेवा. दोन २ वेगळे समजल्यामुळे प्रत्येक संख्या दोनदा मोजली गेली, आणि शून्याने सुरू होणाऱ्या तिन्ही आत राहिल्या. एका उत्तरात दोन चुका अशा स्वच्छ वेगळ्या दिसणं तसं दुर्मीळच.

दुरुस्ती छापालच. पण नुसता आकडा बदलून ‘वाचकांनी नोंद घ्यावी’ असं छापू नका. चौकटीतलं सूत्र कुठे चालतं आणि कुठे नाही, ते लिहा: सगळे अंक वेगवेगळे हवेत आणि त्यांत शून्य नको. त्याहून चांगलं म्हणजे ती चौकट काढून तिथे रकान्याची गोष्ट छापा. तितक्याच जागेत मावते.

आता थोडं माझ्या धंद्यातलं. अंकांची जागा बदलण्याशी हिशेबनिसाचं जुनं वैर आहे. रोजकीर्दीत ५,३७२ असतात, खतावताना हाताने ५,७३२ लिहिले जातात, आणि महिनाअखेरीला तेरीज काही केल्या जुळत नाही. फरक येतो ३६०. नवख्या कारकुनाने रोजकीर्दीचं पहिलं पान उघडून एकेक नोंद ताडायला सुरुवात केली, की आमचे ज्येष्ठ सहकारी त्याला थांबवायचे आणि विचारायचे, “नवाने भाग जातो का बघ आधी.” ३६० ला नवाने भाग जातो, ४० येतात. मग शंका अंकांच्या अदलाबदलीची, आणि ते ४० सुद्धा बोलके असतात. ४ म्हणजे अदलाबदल झालेल्या दोन अंकांमधला फरक, आणि मागचं एक शून्य म्हणजे गडबड दहं आणि शतं स्थानांत आहे. म्हणून सगळी वही न चाळता, दहं-शतं स्थानी ३ आणि ७, किंवा २ आणि ६ असे चारच्या फरकाचे अंक असलेल्या नोंदी तेवढ्या शोधायच्या. दर वेळी हेच निघतं असं नाही. ५४० चे ५४ लिहिले तरी फरक ४८६ येतो आणि त्यालाही नवाने भाग जातो. पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं.

कारण उघड आहे. अंक कसेही फिरवा, त्यांची बेरीज तीच राहते, म्हणून नवाने भागल्यावरची बाकीही तीच राहते, आणि बाकी सारखी असलेल्या दोन संख्यांच्या फरकाला नवाने भाग जाणारच. द. रा. कापरेकरांचा ६१७४ हा अंक आपल्या वाचकांना ठाऊक असेल. चार अंक, पण चारही सारखे नकोत. त्यांची सर्वांत मोठी मांडणी वजा सर्वांत लहान मांडणी, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच, आणि जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४. त्यालाही नवाने भाग जातो. जायलाच हवा, कारण तो अशाच वजाबाकीतून येतो.

नवाचा हा ताळा, म्हणजे नवाने भागल्यावरच्या बाकीवरून केलेली पडताळणी, बेरजेवरही लावता येतो. ३, ९, ८ च्या प्रत्येक संख्येत अंकांची बेरीज २०, म्हणजे ताळा २. सहा संख्यांचा मिळून १२, म्हणजे ३. आता ४,४४० चे अंक मिळवा: १२, म्हणजे ३. जुळलं. पण ताळ्यावर सगळा भार टाकू नका. ५९,९९४ सुद्धा ताळ्यात पास होतात, कारण या प्रश्नात अंकांची बेरीजच ९ आहे. तिथे ‘नऊ संख्या आणि सर्वांत मोठी ५२२०’ हाच धाक कामाला येतो.

भाच्याला रकान्याची गोष्ट पटली, मग मी त्याला एक खेळ दाखवला. मनात तीन अंकी संख्या धर. तिचे अंक उलटसुलट करून उरलेल्या पाच मांडण्या लिही आणि मला फक्त त्या पाचांची बेरीज सांग. त्याने सांगितलं २,१९३. सहाही मांडण्यांची बेरीज म्हणजे अंकांच्या बेरजेची २२२ पट. म्हणून २,१९३ च्या पुढे जाणाऱ्या २२२ च्या पटी घेत गेले. दहापट २,२२०: फरक २७, तीन अंकी नाही. अकरापट २,४४२: फरक २४९, पण त्याच्या अंकांची बेरीज १५, हवी होती ११. बारापट २,६६४: फरक ४७१, अंकांची बेरीज १२. सापडला. “४७१,” मी म्हटलं. त्याने लगेच खोड काढली, “दोन उत्तरं निघाली तर?” चांगला प्रश्न होता, सूत्र पाठ करणाऱ्याला सुचत नाही असा. दोन उत्तरं निघत नाहीत, आणि त्याचंही कारण नऊ. दोन उत्तरं असती तर त्यांच्यात २२२ च्या काही पटींचा फरक असता, आणि अंकांच्या बेरजेतला फरक नेमका तितकाच असायला हवा होता. पण दर २२२ मागे अंकांच्या बेरजेचा ताळा सहाने सरकतो, आणि हवा असतो एकाने. सहाने सरकणं आणि एकाने सरकणं यांचा ताळा परत जुळायला २२२ ची नऊपट लागते, म्हणजे १,९९८, आणि दोन तीन अंकी संख्यांमध्ये इतका फरक पडूच शकत नाही. अंक सारखे असले तरी खेळ चालतो. तेवढ्या मांडण्या दोनदा लिहायच्या, म्हणजे एकूण सहा भरतात.

पुढच्या रविवारी सदरात जागा असेल तर हा प्रश्न माझ्याकडून घ्या. एका तीन अंकी संख्येचे अंक फिरवून उरलेल्या पाच संख्यांची बेरीज ३,३८९ येते, तर ती संख्या कोणती? फक्त कृपा करून पर्याय देऊ नका.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त लेखापाल